हरल्यावरचा अबोला

मी मुलांवर कधी हात उचलला नाही. शाळेत नाही, ज्युदोच्या वर्गात नाही, आणि घरी तर नाहीच. तीस वर्षं खेळाची शिक्षिका होते. आमच्या वेळी छडीवाचून मास्तर ही कल्पनाच कुणाला सुचत नव्हती, त्यामुळे या गोष्टीचा मला फार अभिमान होता. कुणी विचारलं नसतानाही मी ती सांगून टाकायची.

सांगलीजवळच्या माधवनगरात आमच्या शाळेमागे एक लांबट पत्र्याचं सभागृह आहे. तिथे संध्याकाळी मी ज्युदो शिकवायची. निवृत्त झाले तरी अजून शिकवते. मुलं बहुतेक यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, काही शेतकऱ्यांची, दोन-चार दुकानदारांची. पहिल्या वर्षी ती मॅटवर नुसती लोळायची, एकमेकांना चावायचीसुद्धा. मग मी एका शिबिरात शिकलेली पद्धत सुरू केली. लोखंडी कपाटाच्या दारावर मोठा कागद चिकटवला, प्रत्येकाचं नाव लिहिलं आणि चांगल्या कामाला एकेक चांदणी चिकटवायला लागले. वेळेवर आलास, एक चांदणी. लहान मुलाला पट्टा बांधायला मदत केलीस, एक चांदणी. दहा झाल्या की शनिवारचा खेळ तू निवडायचा. आणि मस्ती केली तर एक फेरी भिंतीला टेकून बसायचं, मुद्दाम कुणाला दुखवलं तर त्या दिवशी मॅटवर पाय ठेवायचा नाही.

महिनाभरात वर्ग सुतासारखा सरळ झाला. पालक येऊन विचारायचे, "बाई, घरी आमचं ऐकत न्हाई, तुमी काय मंत्र घालता?" मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

माझा मुलगा सात वर्षांचा असताना वर्गात आला. त्याचे वडील फौजेत होते, वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचे. घरात आम्ही दोघंच. बाईंचा मुलगा म्हणून त्याला जास्त मिळतं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्याला कमीच द्यायची. इतरांना ज्यावर चांदणी मिळायची, त्यावर त्याला नुसती मान डोलावून दाखवायची. ते त्याला समजलं होतं. त्याने कधी तक्रार केली नाही.

घरी मात्र त्याच्यासाठी वेगळा नियम होता. तो मी कधी ठरवला नाही, कधी बोलूनही दाखवला नाही. तो जिंकला की त्या दिवशी मी त्याची. त्याच्या आवडीचं करायची, आणि जेवण झाल्यावर त्याच्या शेजारी पडून त्याची लढत पहिल्यापासून सांगायची. त्याने पाय कसा घातला, समोरच्याचा तोल कसा गेला. तीच गोष्ट तो तीन-तीनदा सांगायला लावायचा. आणि हरला की मी गप्प. ओरडणं नाही, टोमणा नाही. ताट वाढायचं, अंथरूण घालायचं, दिवा मालवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घंटा होईपर्यंत कामापुरतंच बोलायचं. मला वाटायचं, मूल विचार करेल. कुठे चुकलं ते त्याचं त्याला सापडेल. मारण्यापेक्षा हे किती सभ्य!

एकदा त्याचे वडील सुट्टीवर असताना तो सांगलीतल्या एका छोट्या स्पर्धेत हरला. मी बक्षीस समारंभाला थांबले होते. घरी आले तर बापलेक पायरीवर बसून बर्फाचा गोळा खात होते, दोघांच्याही जिभा लाल. कसल्याशा गोष्टीवर पोट धरून हसत होते. मला बघितलं आणि मुलाचं हसू एकदम थांबलं. गोळा त्याने पाठीमागे लपवला.

मी आत गेले. ते मागोमाग आले.

"काय झालं?"

"तुम्ही महिनाभर येता, लाड करता आणि निघून जाता," मी म्हणाले. "नंतर मला निस्तरावं लागतं. हरल्यावर गोळा मिळतो म्हटलं तर तो जिंकेल कशाला?"

ते माण तालुक्यातल्या कोरडवाहू गावचे. वीस वर्षं फौजेत काढली तरी बोली तशीच राहिली होती. ते म्हणाले, "पोरगं हाय गं ते, पलटण न्हाई. आन् पलटणीतबी मार खाऊन आलेल्याशी आमी जेवताना बोलतो की."

त्यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही. माझ्याजवळ ते एकच हत्यार होतं बहुतेक.

मुलगा बारा वर्षांचा झाला तेव्हा साताऱ्यात एका निमंत्रितांच्या स्पर्धेला आम्ही गेलो. आमच्या वर्गातून त्याच्या वजनगटात तो एकटाच होता, म्हणून आम्ही दोघंच पहाटेच्या एसटीने निघालो. डिसेंबर होता. कराडपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती आणि तो खिडकीच्या काचेवर श्वास सोडून बोटाने रेघा काढत होता. मी त्याला समोरचा खेळाडू उंच असला तर काय करायचं ते सांगत होते. जिंकलास तर परत येताना कंदी पेढे घेऊ, असंही म्हणाले.

पहिल्याच फेरीत तो हरला. अर्धं मिनिटही झालं नसेल. समोरच्या पोराने त्याला खांद्यावरून असं फेकलं की पंचांनी लगेच हात वर केला. पूर्ण गुण, लढत संपली. तो उजव्या खांद्यावर पडला होता. उठला, पट्टा नीट केला, वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे बघितलं. मी मॅटच्या कडेला प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसले होते. मी हातातल्या कागदाकडे बघितलं. त्या कागदावर वाचण्यासारखं काहीच नव्हतं. जेवणाची कुपनं कुठे मिळतील ते लिहिलेलं होतं.

आम्ही चालत स्टँडवर आलो. पेढ्यांचं दुकान वाटेतच होतं, त्याच्या समोरून गेलो. तो माझ्या दोन पावलं मागे चालत होता. पिशवी त्याने डाव्या खांद्याला लावली होती. एरवी उजव्या खांद्याला लावायचा. हे मला नंतर आठवलं.

गाडीत तो खिडकीशी बसला. उजव्या हाताचं कोपर डाव्या हाताने धरून. मी समोर बघत होते. कराडला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून एक वडापाव आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "नको," तो म्हणाला. मला वाटलं, रुसलाय. मी तो परत कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

कराड सोडल्यावर कंडक्टर तिकिटं बघत आला. वयस्कर माणूस होता. मुलाच्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

"बाई, पोराला बरं न्हाई काय? घाम फुटलाय की ह्या थंडीत."

"काही नाही," मी म्हणाले. "हरलाय."

"मंग?" कंडक्टर म्हणाला.

त्याने तिकिटं माझ्या हातात परत दिली. मग पुढच्या सीटकडे गेला. त्याचा तो 'मंग' मला त्या वेळी उद्धट वाटला होता.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. मी दिवा लावला, स्वयंपाकाला लागले. भाकरी थापत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. शर्टाची दोन बटणं काढलेली, तिसऱ्यावर हात अडकलेला. चेहरा पांढराफटक.

"आई," तो म्हणाला, "आता बोललं तर चालेल का?"

सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो काढला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. पट्टा आवळून बांधताना त्यांनी विचारलं, "कधी पडला हा?" "सकाळी अकरा वाजता," मुलानेच सांगितलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आठ वाजले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मी त्यांची आजही ऋणी आहे.

मी बदलले, असं लिहायला मला आवडलं असतं. त्या आठवड्यात मी रडले, त्याला मांडीवर घेऊन भरवलं. वर्गात नवा नियम केला, लागलं की त्याच क्षणी सांगायचं, सांगणाऱ्याला चांदणी. तो नियम चांगला आहे, अजून आहे. पण घरातली माझी सवय पुसली गेली नाही, फक्त पातळ झाली. दहावीच्या सहामाहीत गणितात कमी गुण पडले तेव्हा मी दोन तास गप्प होते, दिवसभर नाही. मला ती सुधारणा वाटली होती.

दहावीत त्याने अभ्यासाचं कारण सांगून ज्युदो सोडलं. पांढरा जाड कोट स्वतः धुतला, घडी घालून कपाटात ठेवला. मग कराडला इंजिनियरिंग झालं, मग पुण्यात नोकरी. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. प्रत्येक वेळी काहीतरी चांगलं असायचं. पगारवाढ, नवीन प्रोजेक्ट, साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी शेजारणीला सांगायची, माझा मुलगा कधी रडगाणं गात नाही. चार वर्षांपूर्वी त्याचे वडील गावाकडे शेतात कोसळले आणि गेले. तेव्हा सगळं त्याने केलं. पाहुण्यांचं बघितलं, माझ्या गोळ्यांचं बघितलं. माझ्यासमोर डोळ्यातून एक थेंब नाही. विहिरीच्या बाजूला एकटाच बराच वेळ जाऊन बसायचा, हे मला दिराने सांगितलं.

त्यानंतर घरात मी एकटी. संध्याकाळी दोन तास वर्गाचा गोंगाट, मग कुलूप उघडून आत आलं की कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नाही. रविवारच्या फोनवर मी आठवडा काढायची.

मागच्या मे महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी माहेरी आली होती. ती साताऱ्याला दिलेली आहे. सुट्टीपुरतं मुलीला वर्गात घ्या म्हणून घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, "बाई, तुमचा दादा भेटतो की अधूनमधून. आमच्या गोडोलीच्या बाजूलाच खोली हाय त्याची, गिरणीच्या वर. लय वाळलाय वो. तुमी जाता का न्हाई मधनंमधनं?"

"जाते की," मी म्हणाले. "जमेल तसं."

मी तिच्या मुलीचा पट्टा बांधला. गाठ दोनदा सुटली. आदल्याच रविवारी तो मला फोनवर सांगत होता की पुण्याच्या कंपनीत नवीन मशीन आलंय आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर दिलीय.

दोन दिवस मी फोन केला नाही. काय विचारायचं तेच सुचेना. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेले. डब्यात थालीपीठं घेतली होती, आणि सांगलीचं भडंग. पूर्ण वाटेत मी पहिलं वाक्य शोधत होते.

पिठाची गिरणी सापडली. बाजूने लोखंडी जिना. दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली, अंगात घरातला बनियन, आणि दाराच्या चौकटीवर, खिडकीवर, सगळीकडे पिठाचा पातळ थर.

"आई?" तो म्हणाला. मग पहिल्यांदा त्याने जिन्याकडे बघितलं, माझ्यासोबत अजून कुणी आहे का ते. "कुणी सांगितलं?"

"आत तर घे."

खोलीत एक कॉट, एक टेबल, टेबलावर कसलीतरी ड्रॉइंगं. त्याने चहा ठेवला. साखर किती घालायची ते विचारलं नाही, त्याला माहीत होतं. पाठमोराच बोलायला लागला.

"पुण्याची नोकरी गेली. मागच्या जूनमध्ये. आमचा अख्खा विभागच बंद केला. इथे एका फॅब्रिकेशनवाल्याची ड्रॉइंगं करून देतो. बरं चाललंय."

"जून," मी म्हणाले. "वर्ष होत आलं. मला का नाही सांगितलंस?"

"नवीन लागली की सांगणार होतो."

"आणि नाही लागली तर?"

तो हसला. त्याच्या वडिलांसारखं, एका बाजूने. "तेच तर," तो म्हणाला.

चहाचा कप त्याने माझ्या हातात दिला. समोर जमिनीवर मांडी घालून बसला. मी म्हणाले, "मी काय रागावले असते का रे?"

"नाही," तो लगेच म्हणाला. "तू रागावली नसतीस. मला माहीत आहे." मग कपाकडे बघत, अगदी हळू, "तू बोलली नसतीस."

त्यात राग नव्हता. हवामान सांगावं तसं त्याने सांगितलं होतं. मी हात पुढे करून त्याच्या गळ्याजवळच्या हाडाला बोट लावलं. तिथे अजून छोटा उंचवटा आहे.

"दुखतं का?"

"थंडीत. थोडं."

"माझं चुकलं," मी म्हणाले. "त्या दिवशीचंच नाही. सगळंच."

"असू दे गं," तो म्हणाला, आणि तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली. जमीन थरथरायला लागली, कप बशीवर नाचायला लागला. त्याचे ओठ अजून हलत होते, पण मला ऐकू येईना. मी "काय?" म्हणून ओरडले. त्याने हाताने 'काही नाही' अशी खूण केली. तो काय म्हणत होता हे मला अजून माहीत नाही. नंतर विचारायचं धाडस झालं नाही.

थालीपीठं खाल्ली त्याने. चार. मग कुणाची तरी स्कूटर मागून आणली आणि मला स्टँडवर सोडलं. "घरी चल ना," मी म्हणाले. "थोडे दिवस."

"बघू," तो म्हणाला. "काम संपलं की." गाडी सुटेपर्यंत तो थांबला. मी हात केला, त्यानेही केला.

घरी आल्यावर पहिलं काम मी वर्गातलं केलं. कपाटावरचा कागद फाडून टाकला. चांदण्या बंद, भिंतीला बसणं बंद. दुसऱ्या दिवशी वर्गात आकांत झाला. सात वर्षांचा एक जण कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बाई, माझ्या अठरा झाल्या होत्या! अठरा!" एक मुलगी तर रडायलाच लागली, तिला शनिवारी डॉजबॉल निवडायचा होता. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मी नवा कागद आणला आणि सगळ्यांना विचारून, ज्याने जेवढ्या सांगितल्या तेवढ्या चांदण्या परत लावल्या. एकानेही जास्त सांगितल्या नाहीत. मुलांचं माझ्या पद्धतीशी काही भांडण नव्हतं. भिंतीशी बसलेलं पोरही पुढच्या फेरीत उड्या मारत परत यायचं, कारण मी त्याला हाक मारून बोलवायची. घरी मी एकाला तशी हाक मारली नव्हती, एवढंच.

त्याच महिन्यात एका मुलाची आई आली. शेतावरून थेट, डोक्याचा पदरही सोडला नव्हता. "बाई, सांगून ठेवते, ह्या खेपंला न्हाई जिंकलं तर मोबाईल देनार न्हाई म्हनलंय मी त्याला. बरूबर हाय का न्हाई?"

मी फार विचार करून, घसा खाकरून म्हणाले, "मोबाईल नका देऊ हवं तर. पण हरून आला तर त्या दिवशी जेवायला त्याच्यासोबत बसा. बोला त्याच्याशी."

"आवं, ते तर बसतूच की," ती म्हणाली. "पोराशी बोलल्याबिगर घास कसा उतरंल?"

ती गेली. मी रिकाम्या सभागृहात बराच वेळ मॅटची धूळ झाडत बसले.

मुलगा अजून साताऱ्यातच आहे. दिवाळीला आला, दोन दिवस राहिला, माळ्यावरची भांडी काढून दिली आणि गेला. रविवारचा फोन चालू आहे. सुरुवातीला ते फोन फार अवघड होते. चांगलं सांगण्यासारखं नसल्यामुळे त्याला सुरुवात कुठून करायची कळायचं नाही, आणि मला उपदेश केल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. मी उपदेश गिळायला शिकतेय. या वयात ते पोहायला शिकण्यासारखं आहे. मध्ये दोन रविवार फोन आलाच नाही. मी स्वतःहून केला तेव्हा म्हणाला, "विसरलो गं." विसरला नसेल. मीही ते धरून बसले नाही.

परवा मात्र बुधवारीच फोन आला. दुपारी, मी धुणं वाळत घालत होते. ओल्या हाताने उचलला.

"आई, शिरवळला इंटरव्ह्यू होता. नाही झालं. पहिल्याच फेरीत बाहेर काढलं."

"बरं," मी म्हणाले. "जेवलास का?"

"आत्ता जेवतोय. स्टँडवरच. मिसळ आहे, पण चव नाही अजिबात."

"मग लिंबू माग."

"मागितलं. संपलंय म्हणाले."

मग त्याने त्या इंटरव्ह्यूबद्दल सगळं सांगितलं. कुणी काय विचारलं, त्याची जीभ कुठे अडखळली, एका साहेबाने कसं सारखं घड्याळ बघितलं. मी मध्ये मध्ये विचारत राहिले. दहा-बारा मिनिटं झाली असतील. गाडी लागली म्हणून त्याने फोन ठेवला.

मी बादली तशीच सोडून पायरीवर बसले. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, अगदी लगेच, की माझ्या मुलाला आज नोकरी मिळाली नाही आणि त्याने मला फोन केला. शेजारणीचं दार उघडं होतं. ती सुनेसोबत शेंगा फोडत बसली होती. मी उठून फाटकापर्यंत गेले. पण हे तिला कसं सांगणार? नोकरी मिळाली नाही म्हटल्यावर ती हळहळणार, देवाचं नाव घेणार, आणि मला तिच्यासमोर हसू येणार. ज्या एका माणसाला हे सांगितलं असतं आणि जो 'मी काय म्हनत हुतो' म्हणून हसला असता, तो आता नाही. मी फाटकाची कडी नीट लावली आणि उरलेले कपडे दोरीवर घातले.